दुखतंय कुठे ते बोट ठेवून दाखवा

मागच्या अंकात पायाच्या दुखण्यांबद्दल विचारा म्हटलं आणि पत्रांचा नुसता ढीग आला, पण त्यातल्या अर्ध्याअधिक पत्रांत वर्णन म्हणजे एवढंच की "पाय खूप दुखतो हो मॅडम". अहो, एका पावलात २६ हाडं आणि तीसहून जास्त सांधे असतात, त्यातलं नेमकं काय दुखतंय? आणि आपल्या भाषेत दुखण्याला शब्दांचा काय तोटा आहे का? ठणका, ठसठस, सणक, चमक, कळ, रग, टोचणी, आग, मुंग्या... गंमत म्हणजे यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेला पाठवतो. ठसठस म्हटलं की मी पू शोधते, सणक म्हटलं की नस, सकाळच्या पहिल्या पावलाला चमक म्हटलं की टाच आणि मध्यरात्री अचानक ठणका म्हटलं की अंगठा. म्हणून ज्यांनी नीट लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतलीयेत. बाकीच्यांनी रागावू नका, जागा शोधा आणि परत लिहा.

"सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत आतल्या बाजूला खिळा ठोकल्यासारखं होतं. दहा-बारा पावलं लंगडत गेले की कमी होतं, मग बरं असतं, संध्याकाळी थोडं बसून उठलं की परत तेच. एक्स-रे काढला तर हाड वाढलंय म्हणाले. ऑपरेशन करून ते काढून टाकावं का? वय ४६, काम दिवसभर उभ्याने."
टाचेने टेकीस आणलेली

याला म्हणतात पत्र! "पहिलं पाऊल" लिहिलंत तिथेच निम्मं निदान झालं. हा बहुतेक प्लांटर फॅसायटिस आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड चिवट पट्टा असतो, पावलाची कमान त्याच्यामुळेच टिकते. तासन्‌तास उभं राहून, वजन वाढून, पातळ सोलच्या चपला घालून तो टाचेला जिथे चिकटलेला असतो तिथे दुखावतो. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं त्यामुळे पट्टा आखडून बसतो आणि सकाळी तुम्ही उभ्या राहिलात की एकदम ताणला जातो, तोच तुमचा खिळा.

ते वाढलेलं हाड मात्र विसरा. ज्यांची टाच जन्मात दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते दिसतं, आणि टाच पूर्ण बरी झालेल्यांच्या एक्स-रेतही ते तिथेच मजेत बसलेलं असतं. मला तर वाटतं की या दुखण्यात एक्स-रेने जेवढे लोक घाबरवलेत तेवढे टाचेने नसतील.

आता करायचं काय, तर अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावरून फिरवला की दोरीसारखा ताठ पट्टा लागेल, तो लागला म्हणजे बरोबर चाललंय. १० आकडे मोजा, सोडा, असं १० वेळा. दिवसातून तीनदा केलंत तर उत्तम पण सकाळचं चुकवायचं नाही. याच्या जोडीला पोटरीचा ताण, म्हणजे भिंतीला हात लावून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली. दुखणं थोडं निवळलं की पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन, टाचा सावकाश वर करायच्या आणि सावकाश खाली आणायच्या, एक दिवसाआड. हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि लोक तो सोडून देतात, पण पट्टा मजबूत होतो तो यानेच, बाकी सगळं फक्त शांत करतं. घरातही फरशीवर अनवाणी चालू नका, टाचेखाली मऊ आणि कमानीला आधार असलेली चप्पल घाला. पाण्याची बाटली बर्फ करून तळव्याखाली फिरवली की बरं वाटतं.

इंजेक्शन द्या म्हणून लोक मागे लागतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं हे खरंय, पण वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते आणि क्वचित पट्टाच तुटतो, मग आहे ते दुखणं बरं होतं म्हणायची वेळ येते. यातले बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात, फक्त त्याला महिने लागतात, कधी वर्षसुद्धा. आणि जर दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही अर्धाअर्धा तास आखडत असेल, वय चाळिशीच्या आतलं असेल, तर मग हे प्रकरण वेगळं असू शकतं, त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा.

"रात्री झोपलो तेव्हा ठणठणीत होतो. अडीच वाजता जाग आली ती उजव्या अंगठ्याच्या ठणक्याने, सांधा लाल टम्म, चादरीचा स्पर्श पण सहन होईना. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, युरिक ॲसिड ५.८, म्हणजे नॉर्मल, त्यामुळे गाउट नाही असं सांगण्यात आलं. पाच-सहा दिवसांत आपोआप गेलं. आता दोन महिन्यांनी परत तस्संच. बीपीची गोळी चालू आहे."
चादर न सोसणारा

चादरीचं वाक्य लिहिलंत म्हणून सांगते, गाउटचा, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक जमून होणाऱ्या संधिवाताचा, पेशंट न विचारता सांगतो ती हीच गोष्ट. बाकीच्या बहुतेक दुखण्यांत माणूस पांघरूण आणखी ओढून घेतो.

ऐन ॲटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड खाली येऊ शकतं, त्यामुळे त्या दिवशीच्या नॉर्मल रिपोर्टला काही अर्थ नाही. ॲटॅक ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. खात्रीच करायची तर सांध्यातलं पाणी सुईने काढून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यात सुयांसारखे स्फटिक दिसतात, म्हणजे तुमच्या अंगठ्यात अक्षरशः सुया असतात म्हणा ना. अंगठाच का, तर शरीराच्या टोकाला थंड असतो आणि हे स्फटिक थंडाव्यात लवकर जमतात.

ॲटॅक आला की औषध जितकं लवकर तितकं चांगलं. कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा थोडे दिवस स्टिरॉइड, या तिन्हीतलं तुम्हाला कुठलं चालेल ते डॉक्टर ठरवतील, कारण किडनी कमजोर असेल, अल्सर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वेदनाशामक गोळी मनाने घेणं महागात पडतं. कोल्चिसिनचा डोस पूर्वी जुलाब होईपर्यंत वाढवत न्यायचे, आता कमी डोसच देतात, तो तेवढंच काम करतो. पाय वर ठेवा, बर्फ लावा.

खरी चूक पुढे होते. ठणका गेला की माणूस विसरतो. तुम्हाला दोन महिन्यांत दोनदा झालंय तेव्हा युरिक ॲसिड कमी करायची कायमची गोळी सुरू करायची का हे डॉक्टरांशी बोला. ॲलोप्युरिनॉल कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, ६ च्या खाली आणून तिथेच ठेवायचं असतं. पहिल्या काही महिन्यांत ॲटॅक उलट वाढू शकतात, जुने स्फटिक विरघळायला लागतात म्हणून, तेव्हा "गोळीने बिघडलं" म्हणून ती फेकून देऊ नका, त्या काळात संरक्षणाला दुसरी गोळी जोडीला देतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच थांबवून डॉक्टर गाठा. आणि हो, बीपीच्या गोळीचं नाव बघून घ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं, ती बदलता येते का ते विचारा, स्वतः बंद करू नका. बिअर आणि गोड कोल्ड्रिंक सोडा. पथ्याने थोडा फरक पडतो, सगळा नाही, तेव्हा "तूच खाल्लंस काहीतरी" असं घरचे म्हणाले तर माझं नाव सांगा. अंगठ्याबरोबर ताप आणि थंडी असेल तर मात्र हे पत्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो दिसायला सेम असाच असतो.

"मुलीच्या (वय १५) अंगठ्याचं नख कडेला आत घुसतंय. ठसठसतं, पू येतो, बाजूला लाल मांस वाढलंय. तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गोळ्या चालू असतात तोवर बरं, मग परत. नखाचा कोपरा मी दर आठवड्याला खोल कापून काढते."
थकलेली आई

आई, तुमची माया आडवी येतेय इथे. कोपरा खोल कापला की दोन दिवस बरं वाटतं, पण आत एक बारीक टोक राहतं, दिसत नाही असं, आणि नख वाढलं की ते टोक भाल्यासारखं मांसात शिरतं. म्हणजे तुम्ही दर आठवड्याला भाल्याला नवीन धार लावून देताय. अँटिबायोटिकचं पण तसंच, पायात काटा मोडलाय आणि तो तसाच ठेवून आपण गोळ्या खातोय.

नख आडवं सरळ कापायचं, बोटाच्या टोकाएवढं लांब ठेवायचं, कोपरे गोल करायचे नाहीत. त्रास नुकता सुरू झालेला असेल तेव्हा कोमट पाण्यात १५-२० मिनिटं पाय बुडवून, नख मऊ झालं की कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवायची, रोज बदलायची, नख मांसाच्या पुढे येईपर्यंत. पुढून निमुळते बूट बंद. पण मुलीचं आता या पायरीच्या पुढे गेलंय. तिला सर्जनकडे न्या आणि विचारा की नखाची फक्त कड काढून मुळाशी फिनॉल लावता येईल का. बोट बधिर करून करतात, त्या इंजेक्शनचं जेवढं दुखतं तेवढंच, बाकी काही कळत नाही. फिनॉलमुळे तेवढ्या कडेचं नख परत उगवत नाही, नख थोडं अरुंद दिसतं इतकंच, आणि जखम काही आठवडे पाझरते त्याची तयारी ठेवा. पूर्ण नख उपटून काढू नका, लोक करतात, पण मूळ शाबूत असतं त्यामुळे नवीन नख येतं आणि बरेचदा तेही आत घुसतं.

"आमच्या ह्यांच्या तळपायाला कुरूप आहे. ते स्वतःच ब्लेडने तासतात. मला वाटतं ती चामखीळ आहे. पैज लागलीय."

पैज घरीच सोडवा. अंगठा ठेवून सरळ दाबा, मग दोन बोटांत धरून बाजूंनी चिमटीत दाबा. सरळ दाबल्यावर जास्त दुखलं तर कुरूप, चिमटीत जास्त दुखलं तर चामखीळ. आणखी एक, वरची जाड कातडी वजरीने थोडी घासली की चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात, त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या असतात, आणि तळव्यावरच्या रेषा तिला वळसा घालून जातात. कुरपाच्या मधोमध काचेसारखा कडक खडा दिसतो.

कुरूप बुटाने केलेलं असतं, त्यामुळे बूट तोच ठेवून कितीही तासलंत तरी ते परत येणार. पाय भिजवायचा, वजरीने हलक्या हाताने घासायचं, युरिया असलेलं क्रीम लावायचं, दाब काढायचा. चामखीळ विषाणूची असते, सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रोज लावून घासत राहायचं, १२ आठवडे धीर धरायचा, नाहीतर डॉक्टर गोठवून काढतात. मुलांच्या चामखिळी बरेचदा आपल्या आपण जातात. घासायला वापरलेली वजरी दुसऱ्या कुणाच्या पायाला लावू नका. ब्लेड आजच केराच्या टोपलीत. आणि त्यांना डायबेटिस असेल तर कुरपाच्या औषधी पट्ट्यासुद्धा नकोत, त्यातल्या ॲसिडने चांगली कातडी जळते आणि कळतही नाही.

"चालताना सारखं वाटतं बुटात खडा आहे. बूट काढून झाडते, काही नसतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटात सणक जाते, बोटं बधिर होतात. बूट काढून पाय चोळला की मोकळं वाटतं. लोक हसतात."

हसू द्या. तुम्ही खडा शोधायला बूट झाडलात, माझ्याकडे येणारे सगळेच झाडतात. याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात, थॉमस मॉर्टन नावाच्या अमेरिकन सर्जनने १८७६ साली यावर लिहिलं होतं म्हणून ते नाव. न्यूरोमा ऐकून गाठ-बिठ म्हणून घाबरू नका, तो ट्यूमर नाही. बोटांकडे जाणारी नस हाडांच्या मध्ये चेपून चेपून जाड होते, जास्त करून तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्येच.

उंच टाच आणि टोकदार बूट सोडले की बऱ्याच जणांचं तेवढ्यानेच निभतं. बुटात घालायला एक छोटी फुगीर गादी मिळते, मेटाटार्सल पॅड म्हणतात, ती हाडं फाकवून नसेला जागा करून देते. पण लोक ती बरोब्बर दुखऱ्या जागी चिकटवतात आणि मग जास्त दुखतं म्हणून काढून टाकतात. दुखऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका द्या, बुटात पाय घालून उभ्या राहा, ठिपका आतल्या तळाला उमटेल, गादी त्याच्या मागे, टाचेच्या बाजूला लावायची. काही महिन्यांत फरक नाही पडला तर इंजेक्शन, ऑपरेशन सगळ्यात शेवटी, कारण नस काढली की ती दोन बोटं आतून थोडी बधिर राहतात.

एक वेगळी शक्यता पण सांगून ठेवते. सणक नाही, बधिरपणा नाही, पावलाच्या वरून एका हाडावर बोट ठेवलं की नेमकं तिथेच दुखतं आणि नुकतंच चालणं किंवा पळणं एकदम वाढवलेलं असेल, तर ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ती दिसतही नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पळत राहू नका.

"मुलगा ११ वर्षांचा, फुटबॉल खेळून आला की दोन्ही टाचा दुखतात, लंगडतो. कॅल्शियम कमी असेल का?"

कॅल्शियमला सगळे उगाच वेठीला धरतात. या वयात टाचेच्या हाडाच्या मागे वाढीची कूर्चा असते आणि पोटरीचा स्नायू तिला ओढत असतो, साधारण ८ ते १४ या वयातल्या खेळणाऱ्या मुलांना हे होतं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात दाबलीत तर तो "आई गं" म्हणेल. खेळ पूर्ण बंद करायची गरज नाही, लंगडायला लागेल इतका नको एवढंच बघा. बुटात टाचेखाली मऊ कप, पोटरीचे व्यायाम, खेळून आल्यावर बर्फ. कूर्चेचं हाड झालं की हे कायमचं जातं, मागे काही ठेवत नाही. रात्री झोपेतून दुखून उठत असेल, ताप असेल किंवा एकच टाच सुजली असेल तर मात्र दाखवा.

आता भराभर काही. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, रात्री बांधायच्या पट्ट्याने सरळ होईल का असं तिघींनी विचारलंय. नाही होणार. पट्टा बांधलेला असतो तोवर सरळ, सोडला की जैसे थे. कागदावर उभं राहून पावलाची आउटलाइन काढा आणि त्यावर तुमचा बूट ठेवा. आउटलाइन बुटाच्या बाहेर दिसली की उत्तर मिळालं. बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय तेव्हा फुगलेले असतात. ऑपरेशन दुखत असेल तर, दिसायला बरं दिसावं म्हणून नाही, त्यानंतर सूज उतरायला महिनोन्‌महिने जातात.

पलंगाच्या पायाला करंगळी आपटून काळीनिळी झालीय, त्यांनी करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये कापूस ठेवून दोन्ही एकत्र चिकटपट्टीने बांधावीत, कडक सोलचा बूट, चार ते सहा आठवडे. बोट वाकडं दिसत असेल, जखम उघडी असेल, थंड किंवा पांढरं पडलं असेल किंवा मार अंगठ्याला असेल तर एक्स-रे काढाच.

चिखल्या दरवेळी परत येतात म्हणणाऱ्यांनी स्वतःला विचारावं की खाज थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी क्रीम बंद केलं होतं का. बुरशीचं साधं क्रीम सांगितलेले पूर्ण दिवस लावायचं, स्टिरॉइड मिसळलेलं नको, आणि अंघोळीनंतर शेवटच्या दोन बोटांची बेचकी टॉवेलच्या टोकाने कोरडी करायची. ती कुणीच करत नाही.

"वडिलांना २० वर्षं डायबेटिस आहे. आठवड्यापासून डावं पाऊल सुजलंय, लाल आहे, हात लावला तर गरम लागतं. पण त्यांना काहीच दुखत नाही, रोजचं फिरणं चालू आहे, त्यामुळे काळजीचं काही नाही ना? सहज विचारलं."

या ढिगातलं हे एकच पत्र आहे ज्यात काहीच दुखत नाही असं लिहिलंय, आणि याच पत्राला मी अंक निघायची वाट न बघता फोन करून उत्तर दिलंय. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

इतक्या वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. खिळा टोचला, फोड आला, बुटात खरोखरचा खडा राहिला तरी कळत नाही. अशा पायात लाल, गरम, सुजलेलं पण न दुखणारं पाऊल म्हणजे शारको फूट असू शकतं, आतली हाडं आणि सांधे मोडत असतात आणि माणूस वर फिरत असतो. किंवा आत जंतुसंसर्ग असू शकतो. दोन्हीत थांबायला वेळ नसतो. आत्तापासून तो पाय जमिनीला टेकायचा नाही, बाथरूमपर्यंतसुद्धा चाकाच्या खुर्चीवरून. शेक द्यायचा नाही, कारण भाजलेलंही कळणार नाही. आजच्या आज डायबेटिसच्या पायाचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. आणि तिथे कुणी सुरुवातीच्या एक्स-रेवरून "हाड ठीक आहे, मुरगळलं असेल" म्हणालं तर "हा शारको नाही ना" असं स्पष्ट विचारा, सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो. शारको निघाला तर प्लास्टर काही महिने राहील. जाताना दोन्ही बूट बरोबर न्या आणि बुटांच्या आत हात घालून बघा, दुसऱ्या पायाचा तळवाही आरशात बघा, कारण आता सगळा भार त्याच्यावर येणार आहे.